फ्रेमवर्कचा राहता पत्ता

मालेगावच्या कृषिमाल साठवणूक महासंघाने आपल्या संगणक प्रणालीसाठी नवे फ्रेमवर्क घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी अकरा सदस्यांची मूल्यमापन समिती नेमली. त्या अकरांपैकी फ्रेमवर्क म्हणजे काय हे एकटीलाच ठाऊक होते. मंजुषा तिचे नाव. ती महासंघाची प्रोग्रॅमर होती, म्हणून तिला इतिवृत्त लिहिण्याचे काम दिले होते.

जुनी प्रणाली चौदा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने बनवलेली. किन्हीराजाच्या गोदामात सोयाबीन घेऊन आलेल्या एका ट्रॅक्टरची नोंद करायला तिला वीस मिनिटे लागत. हंगामात ती तासा-तासाला मान टाकायची आणि ट्रॅक्टरची रांग थेट फाट्यापर्यंत जायची. ठेकेदार कधीच परागंदा झाला होता, पण त्याचा पत्ता फायलीत शाबूत होता. प्रणाली बंद पडली की प्रशासन अधिकारी वीरेंद्र सर त्या पत्त्यावर कारणे दाखवा नोटीस धाडत. नोटीस परत येई, फायलीला लागे आणि कार्यवाही पूर्ण झाल्याचा शेरा पडे. अशा एक्केचाळीस नोटिसा झाल्या होत्या. प्रणाली चालत नव्हती, पण फाईल कशी झकास चालली होती.

मंजुषाला हे बघवत नव्हते. गेल्या हंगामात दोन दिवस रांगेत भिजलेल्या सोयाबीनला ट्रॉलीतच कोंब फुटलेले तिने पाहिले होते, आणि त्या दिवशी तिला जेवण गेले नव्हते. यंदा तसे होऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे म्हणणे. चार महिने खपून तिने नव्या फ्रेमवर्कवर नोंदणीचा कार्यक्रम लिहिला आणि किन्हीराजाच्या वजनकाट्यावर चालवून पाहिला. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. खांब, तुळया आयत्या मिळतात, भिंती आपण आपल्या सोयीने बांधायच्या. काट्यावरचे कारकून युनूसभाई तर हरखूनच गेले.

"मॅडम, दोन मिनटात गाडी आत जाऊन राह्यली," ते म्हणाले. "मले चहा प्याले बी फुरसत नाई ठेवली तुमी!"

हा अहवाल समितीपुढे आला. वीरेंद्र सरांनी तो शेवटच्या पानापासून वाचला, कारण सह्या तिथे असतात.

"वेग वगैरे ठीक आहे," ते म्हणाले. "या फ्रेमवर्कचा मालक कोण?"

"मालक असा कोणी नाही, सर. जगभरातले लोक मिळून बनवतात. कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं."

"म्हंजे गावजेवण हाय," अध्यक्ष जगदेवभाऊ म्हणाले. "पण बाई, गावजेवणात भाजी खारट झाली तं आचाऱ्याले धरता येते. इथं आचारी कोन?"

"भाऊ, चूक सापडली की दोन दिवसांत दुरुस्त होते."

"दुरुस्तीचं कोन बोलून राह्यलं? मी धरायचं इचारतो."

समिती गंभीर झाली. पुढच्या तीन बैठकांत वेगाला पाच गुण, सुरक्षिततेला पाच आणि 'नोटीस बजावण्याची सोय' या निकषाला नव्वद गुण ठरले. जुन्या प्रणालीला त्यात पैकीच्या पैकी मिळाले. नव्या फ्रेमवर्कला भोपळा. शिवाय फ्रेमवर्क नवीन असावे, मात्र त्याला पंधरा वर्षांचा अनुभव असावा, अशीही एक अट घालण्यात आली. ती अट लिहिताना मंजुषाने दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिला लिहायला सांगण्यात आले.

हंगाम तीन आठवड्यांवर आला, तसा तिचा धीर सुटला. चौथ्या बैठकीत ती न राहवून बोलून गेली, "सर, हे फ्रेमवर्क मराठी आकड्यांत तारीख चुकीची दाखवायचं. मी स्वतः दोन ओळी दुरुस्त करून पाठवल्या. त्यांनी त्या घेतल्या, माझं नाव पण यादीत टाकलं. एकोणीसशे बारा जणांच्या यादीत माझंही आहे!"

बोलताना तिचा चेहरा उजळला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या कामाची दखल कुणीतरी घेतली होती. वीरेंद्र सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"यादीत गावाचं नाव आहे का?"

"आहे ना. मालेगाव, जिल्हा वाशिम."

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "पत्ता आहे."

समितीचा जीव भांड्यात पडला. नवे फ्रेमवर्क त्याच मिनिटाला एकमताने मंजूर झाले. टाळ्या वाजल्या, पेढे आले. मंजुषाने पेढा तोंडात घातला, तोवर ठरावाचा उरलेला भाग वाचून दाखवण्यात आला. श्रीमती मंजुषा या फ्रेमवर्कच्या स्थानिक पुरवठादार समजण्यात याव्यात. उर्वरित एकोणीसशे अकरा जण त्यांचे पोटठेकेदार समजण्यात यावेत. पुरवठादाराने समितीत बसणे नियमबाह्य असल्याने त्यांनी आता बाहेर बसावे. त्यांची खुर्ची, टेबल आणि प्रणालीचा पासवर्ड जमा करून घ्यावा. पुरवठादाराच्या तोंडी सूचना कर्मचाऱ्यांनी पाळू नयेत आणि त्याला गोदामात छापील प्रवेशपत्राशिवाय सोडू नये.

"सर, पण मग बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार?"

"तुम्हीच," सर म्हणाले. "ती तर तुमची जबाबदारीच आहे."

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला. दोन दिवस नव्या प्रणालीवर सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली आणि काटा थांबला. असे होणार हे मंजुषाने धरलेलेच होते. नेट नसतानाही नोंदी चालू राहाव्यात म्हणून तिने एक सोय करून ठेवली होती. एक कळ दाबायचा अवकाश. ती स्कूटीवर किन्हीराजा गाठेपर्यंत रांग फाट्याला लागली होती आणि आभाळ भरून आले होते.

फाटकावर पहारेकऱ्याने तिला अडवले. प्रवेशपत्र हवे. प्रवेशपत्र काट्यावरच्या प्रणालीतून छापून मिळायचे. प्रणाली बंद होती.

"युनूसभाई!" तिने फाटकाबाहेरूनच हाक मारली. "वरच्या कोपऱ्यातली हिरवी कळ दाबा. बस, एवढंच!"

युनूसभाईंचे बोट कळीवर गेलेही होते. तेवढ्यात चौकशीसाठी आधीच येऊन बसलेले वीरेंद्र सर मागून म्हणाले, "पुरवठादाराच्या तोंडी सूचनेवर कळ दाबली, तर पुढची जबाबदारी दाबणाऱ्याची."

युनूसभाईंनी बोट मागे घेतले. भला माणूस, पण निवृत्तीला सात महिने राहिले होते. "माफ करजा मॅडम," एवढेच ते म्हणाले आणि काट्याच्या खिडकीजवळून उठून गेले.

पावसाचे टपोरे थेंब पडू लागले. चौथ्या ट्रॉलीवर बसलेल्या प्रयागबाई ताडपत्रीचे टोक धरून ओरडल्या, "अवो सायेब, काहून उभं करून राह्यले आमाले? माल भिजून राह्यला ना!"

"चौकशी पूर्ण झाली आहे, मावशी," सर म्हणाले. "दोषी सापडल्या आहेत."

त्यांनी नोटीस फाटकावर डकवली. मंजुषाचे नाव, गाव, मोबाइल नंबर, खाली गोल शिक्का. महासंघाच्या इतिहासात पहिल्यांदाच नोटीस घेणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा होता. सरांना तर भरूनच आले. रांगेतले लोक खाली उतरले, नोटिशीभोवती गोळा झाले. कुणी मोठ्याने वाचली, कुणी फोटो काढला. "ही होय ती!" म्हणून चार-सहा जणांनी तिच्याकडे बोट दाखवले. तिचा फोन वाजायला लागला तो थांबेना. ती प्रत्येकाला सांगत होती, एक हिरवी कळ आहे, ती दाबायला सांगा. पण फोन करणाऱ्यांना कळीचे काही नव्हते. त्यांना फक्त बोलायचे होते.

तो फोटो दुपारपर्यंत जिल्हाभर फिरला. तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही त्याखाली "अशा लोकांना घरी बसवा" असे लिहिलेत आणि पुढे पाठवलात, तेव्हा प्रयागबाईंची ट्रॉली चौथ्याच नंबरवर भिजत उभी होती. रांग हलली का, हे मात्र तुम्ही अजूनही विचारलेले नाही.