पदूभाऊंचं स्टेटस

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवीन राहायला आलं, की तिसऱ्या मजल्यावरचे पदूभाऊ त्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. ते जिन्यात आडवे उभे राहतात आणि विचारतात, "स्टेटस काय?"

मला विचारलं तेव्हा माझ्या डोक्यावर गादी होती आणि हातात बादली. मी म्हणालो, "मॅरिड."

"ते नाय हो. ऱ्हायला आले का टेकायला?"

इथल्या शाळेत शिक्षक आहे, भाड्याने आलोय म्हटल्यावर "म्हणजे इकामा!" असं म्हणून ते समाधानाने बाजूला झाले. इकामा म्हणजे आखातात राहायचा परवाना, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला ती शिवीच वाटली होती.

पदूभाऊ मूळचे चिंचणीचे, चिकूच्या वाडीवाले. बावीस वर्षं आखातातल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळून ते दोन वर्षांपूर्वी कायमचे परत आले. येताना त्यांनी सोनं आणलं की नाही ठाऊक नाही, पण एक सिद्धांत मात्र आणला, आणि तो ते कुणालाही न मागता देतात. "सर, परमुलखात तीन तऱ्हेची माणसं. एक पासपोर्ट खिशात ठेवनारी, दुसरी कपाटात ठेवनारी, तिसरी बदलून टाकनारी. बाकी सगळं झूठ हाय."

"आणि तुम्ही?"

"आमी कपाटवाले. आनि कपाट पन मालकाचं."

खिशातल्या जातीचा त्यांचा एक पुतण्या आहे. लॅपटॉपवर काम करतो. दोन महिने व्हिएतनाम, तीन महिने जॉर्जिया, मध्येच आठ दिवस चिंचणी. कुणालाही हेवा वाटावा असं त्याचं चाललंय, पण पदूभाऊंना त्याची भारी काळजी. "त्याला म्हटलं, बाबा, तुजा दूधवाला कोन? तर हसतो. ज्याला दूधवाला नाय, त्याचा घर कसला?" पुतण्याने त्यांना समजावलं, की तो काळी कॉफी पितो. पदूभाऊंच्या मते हा मुद्दाच नव्हता.

परमुलूख म्हणजे फक्त परदेश, असंही त्यांचं म्हणणं नाही. पाणी चढवायचा पंप बिघडला तेव्हा सालवडहून बिहारी फिटर आला होता. पंप उघडायच्या आधीच पदूभाऊंनी त्याला गाठलं.

"स्टेटस क्या है?"

"जी, फिटर."

"वो नहीं. छठ को गाँव जाते हो या इधरच करते हो?"

"अब तो इधर ही करते हैं, तालाब पर. बाल-बच्चे सब इधर ही हैं."

"रेसिडेंट!" पदूभाऊ ओरडले आणि त्याचा ग्रीसने माखलेला हात धरून त्यांनी जोरजोरात हलवला. पंप दुरुस्त व्हायला त्यानंतर दोन तास लागले, कारण फिटर सारखा मागे वळून पाहत होता.

हा माणूस विक्षिप्त आहे, असं माझं पक्कं मत झालं होतं. मग एके संध्याकाळी गच्चीवर ते वाळत घातलेले पापड राखत बसलेले दिसले. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी खाली होत्या. मी सहज विचारलं, "पदूभाऊ, तुमचं आताचं स्टेटस काय?"

त्यांनी आधी एक कावळा हाकलला, मग म्हणाले, "विजिट."

"स्वतःच्या घरात?"

"बावीस वर्षं वर्षाला एक महिना आलो, सर. आई आजारी पडली, तिचं आजारपन बायकोनं काढलं. फ्लॅट घेतला, तिनं घेतला. मी आलो का नवी चादर, नवा साबन. आता दोन वर्षं झाली तरी रोज नवी चादर. भाजी आनतो म्हटलं तर सांगते, तुमी बसा. डबा कुठला साखरेचा, कुठला मिठाचा, मला म्हाईत नाय. विचारलं का ती हातातला काम टाकून चहा करून देते. एकदा पन भांडली नाय, सर. पावन्याशी कोन भांडतो?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. नवरा घरी आला म्हणून वहिनी त्याला जपत होत्या आणि त्या जपण्यानेच तो दाराबाहेर राहिला होता. हे त्यांना सांगणार कोण? मी तर सांगणार नव्हतो, मी पडलो भाडेकरू.

पुढच्या महिन्यात वहिनींनी मला रविवारी जेवायला बोलावलं. सातपाटीच्या मासळीवाल्या मावशींनी टोपलीत मोठं पापलेट आणून दिलं होतं. आमच्या या पट्टीत एक रीत आहे, कुणी शिकवत नाही पण सगळे पाळतात: मधली तुकडी पाहुण्याची, डोकं आणि शेपटी घरच्यांची.

वहिनी माझ्याशी शाळेबद्दल बोलत बोलत वाढत होत्या. मधली जाड तुकडी माझ्या ताटात आली. मग बोलण्याच्या त्याच ओघात त्यांनी पदूभाऊंच्या ताटात शेपटी टाकली आणि भाताकडे वळल्या.

पदूभाऊ ताटाकडे बघतच राहिले.

वहिनींचं लक्ष गेलं. "अगं बाई! चुकून गेलं हो. द्या ती इकडे, दुसरी देते." त्यांनी हात पुढे केला.

पदूभाऊंनी डावा हात ताटावर आडवा धरला. "ऱ्हाऊ दे. माझी हाय ती."

"काटेच आहेत नुसते तिच्यात."

"आसू दे काटे."

त्यांनी ती शेपटी अगदी सावकाश खाल्ली. एकेक काटा चोखून ताटाच्या कडेला नीट मांडला. डोळ्यांत पाणी होतं, ते कालवणाच्या तिखटावर सहज ढकलता आलं असतं, पण त्यांनी तसा काही प्रयत्न केला नाही. वहिनी हातातली पळी तशीच धरून त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी उमगलं.

"अजून काय वाढू?" त्यांनी हळूच विचारलं.

"डोका हाय का?"

"आहे. पण ते मी माझ्यासाठी ठेवलंय."

"मग अर्धा अर्धा," पदूभाऊ म्हणाले.

वहिनींनी डोकं पळीने मधोमध तोडलं, अर्धं त्यांच्या ताटात टाकलं, आणि आपलं ताट घेऊन त्या त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मी माझी मधली तुकडी मुकाट्याने खात होतो. त्या घरात त्या दिवशी पाहुणा एकटा मीच होतो.