सरळ रेघेची न्याहारी

बाळांनो, एका जंगलात अजून डांबरी रस्ता पोचला नव्हता, पण आहारतज्ज्ञ पोचला होता. तो होता एक तरस. शहराच्या उकिरड्यावर तीन वर्षं काढली, एवढीच त्याची पदवी. हसू नका, त्याच्यापुढे रांग लागायची.

तो चितळांच्या कळपाला म्हणाला, "उठल्याउठल्या मोहाची फुलं खाता? रक्तातली साखर उडी मारते! आधी कडू पाला, मग शेंगा आणि अगदी शेवटी एक फूल. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा."

रवंथ करणाऱ्यांना 'चावून खा' हे सांगायला शहरातून तरस यावा लागला. पण कळपाने माना डोलावल्या. प्रत्येकीने पुढच्या पायावर तरसाने शहरातून आणलेली, साखर मोजणारी एक चकती चिकटवून घेतली. साखर वाढली की चकतीवरची रेघ वर चढायची. सगळ्यांत सरळ रेघ थोरल्या वेणूबाईंची. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या पाय पुढे करून ती दाखवायच्या.

आता तिथली रीत ऐका. चितळं खाली चरायची आणि दाजीबा नावाचा म्हातारा वानर शेंड्यावर बसून पहारा करायचा. वाघ दिसला की तो "खॅक!" करून ओरडायचा आणि कळप पळायचा. दाजीबा होता म्हणूनच वेणूबाई म्हाताऱ्या होऊ शकल्या.

एका सकाळी दाजीबा ओरडला. कळप पळाला, वाचला. थांबल्यावर वेणूबाईंनी पाय पाहिला, तर रेघ ताडाएवढी उंच!

"घाबरलं की साखर वाढतेच," तरस म्हणाला. "त्या वानराला आवरा."

वेणूबाई तरातरा झाडाखाली गेल्या. "न्याहारी होईपर्यंत ओरडायचं नाही, दाजीबा! महिन्याची मेहनत घालवलीस माझी."

"पण वाघ आला तर वो बाई?"

"तर हळू सांग. दचकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी वेणूबाई पाला चावत होत्या. गवत हललं. दाजीबा खालच्या फांदीवर उतरला. तो हळू म्हणाला, "बाई, वाघ आहे."

"सव्वीस, सत्तावीस," वेणूबाई मोजत राहिल्या.

"बाई, जवळ आला ना वो!"

"दीर्घ श्वास घ्या गं सगळ्या," वेणूबाई म्हणाल्या.

दाजीबाला राहवलं नाही. तो जिवाच्या आकांताने ओरडला. कळप उधळला. एकट्या वेणूबाई डोळे मिटून श्वास घेत उभ्या राहिल्या. वाघाने त्यांची न्याहारी केली. नुसतं मांस, तेही सावकाश. त्याची साखर तसूभरही वाढली नाही.

दुपारी तरस उरलंसुरलं खायला आला. खाऊन झाल्यावर त्याने वेणूबाईंचा पाय कळपापुढे टाकला. "बघा! शेवटपर्यंत सरळ रेघ. आणि तुमच्या?"

सगळ्यांनी शरमेने माना खाली घातल्या. मला तरसाचा राग येत नाही, बाळांनो. पोट त्यालाही आहे. मला राग येतो त्या खाली घातलेल्या मानांचा. कारण त्या वर झाल्या, त्या दाजीबाला झाडावरून हाकलण्यासाठीच.

तात्पर्य: सकाळी साखर वाढू द्यायची नसेल, तर अजिबात घाबरू नये. आपण खात असताना नाही, आणि कोणी आपल्याला खात असतानाही नाही.