करवंदीच्या माळाचा सातवा भाग

॥ श्री ॥

जे डोळ्यांस दिसते त्यास नमन, आणि जे दिसत नाही त्यास दोन वेळ नमन करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे तेवीस, वृषनाम संवत्सरी, माघ मासी या राज्यात जी गोष्ट घडली ती जैसी ऐकिली तैसी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही, आणि भय वाटले म्हणून काही गाळिलेही नाही.

या राज्यात अठरा कारखाने पूर्वीपासून होते. थोरले महाराजांनी एकोणिसावा उभारिला, तो चित्रखाना. तेथून दूरचित्रवाणीच्या मालिका निघत आणि घरोघरच्या पेटीत दिसत. त्याचे मुख्य सखोपंत चित्रखानीस. वय साठीस टेकलेले, अंगाने किरकोळ, कामास चोख, परंतु जातीचे भित्रे. कोणी दार वाजविले तर आधी दचकावे आणि मग उठावे ऐसा माणूस. चित्रखान्यास पंचवीस वर्षे भरली तेव्हा धाकटे महाराज, जे आता गादीवर होते, त्यांची मर्जी जाहली की उत्सव करावा, आणि दवंडी पिटविली की प्रजेपैकी ज्याचे मनातून मालिकांचा जो एक भाग जात नसेल त्याने तो लिहून कळवावा, आणि का जात नाही तेही लिहावे. ज्या भागाचे नाव फार जणांनी घेतले तो उत्सवाचे दिवशी पुन्हा दाखविला जाईल. मग पत्रे येऊ लागली ती पोत्यांनी आली, आणि सखोपंत व त्यांचे दोघे कारकून पंधरा दिवस ती वाचीत बसले. कोणी लग्नाचा भाग लिहिला, कोणी कुस्तीचा, कोणी शेवटल्या भागात सासू रडली तो; परंतु दहांत सात पत्रांत एकच नाव, "करवंदीचा माळ", भाग सातवा.

ती मालिका बावीस वर्षांमागली, तेरा भागांची, गुरुवारी सायंकाळी सातास लागे. सातवे भागात घडते ते इतकेच, की माळावरल्या घरात एक बाई एकटी बसली आहे, बाहेर पाऊस आहे, आणि दाराबाहेरून तिचे मेलेले भावाच्या आवाजात कोणी तीन वेळ हाक मारितो की ताई, दार उघड. बाई उठते, दारापाशी जाते, कडीवर हात ठेविते, आणि उघडीत नाही. पुढे भाग संपतो. बाहेर कोण होते ते दाखविले नाही, आठवे भागातही सांगितले नाही.

आता नवल ऐसे, की पत्रांत लोकांनी भलतेच लिहिले होते. कसबे पेठेतला तांबट लिहितो, दाराखालून ओली बोटे आत आली ती मी पाहिली, आणि माझे शेजारी बसलेल्या वडिलांनी माझे मनगट धरिले ते सोडीनात. एक सुईण लिहिते, खिडकीत डोळा होता. त्या दिवशी घरात नवी सून आली होती, ती आणि मी एका गोधडीत शिरलो, तेव्हापासून आम्हां दोघींत भांडण नाही. एक निवृत्त हवालदार लिहितो, मी लढाई पाहिली आहे, तरी त्या भागानंतर वर्षभर दाराकडे पाठ करून जेवलो नाही, कारण कडी आपोआप हलली होती. सखोपंत वाचीत गेले तैसे त्यांचे भय वाढत गेले. सातवा भाग केला तेव्हा दिवे धरावयास ते स्वतः उभे होते. बोटे नव्हती, डोळा नव्हता, कडी हलली नव्हती. एक फळ्यांचे दार आणि एक बाई, याविना काही नव्हते. परंतु त्यांस भय वाटले ते या नवलाचे नव्हे. भय वाटले ते ऐसे, की सातवा भाग आता कोठेच नव्हता, आणि तो नाहीसा केला होता त्यांनीच.

ते ऐसे घडले की ज्या वर्षी मालिका लागली त्याच वर्षी पौषात महाराजांच्या मातोश्री आईसाहेब वारल्या. पहाटे हुकूम आला की अंत्ययात्रा चित्रित करावी, आणि भांडारात कोरी फीत एक नाही. सखोपंत तेव्हा नुकते भांडारावर आलेले. हात फळीवर गेला, जी फीत पहिली लागली ती घेतली, आणि तिजवर आईसाहेबांची यात्रा उतरविली. सायंकाळी पाहतात तो सातवे भागाची डबी रिकामी. तेव्हा सांगावयाचे धैर्य जाहले नाही, मग सांगावयाचे राहिले, आणि रिकामी डबी बावीस वर्षे फळीवर नावासकट उभी होती.

दरबारात निकाल वाचला तेव्हा महाराज संतोषले आणि म्हणाले, "पंत, आमचेही मत तेच होते. आम्ही सहा वर्षांचे होतो. आईसाहेबांनी भाग सुरू होताच आमचे डोळ्यांवर हात ठेविला तो शेवटपर्यंत काढिला नाही. आम्ही नुसते ऐकिले. त्यांच्या बोटांस कापराचा वास येत होता. पुढे दोन महिन्यांत त्या गेल्या. आता तो भाग आम्हांस उघड्या डोळ्यांनी पाहावयाचा आहे." सखोपंतांनी खरे बोलावे म्हणून तोंड उघडिले, आणि बाहेर पडले ते दुसरेच. म्हणाले, "महाराज, फीत जुनी, लावताना तुटेल ऐसे भय आहे. परंतु त्यात काम करणाऱ्या द्वारकाबाई हयात आहेत. आज्ञा होईल तर उत्सवाचे दिवशी त्यांजकडून तोच भाग सर्वांदेखत थेट करवितो." महाराजांस ते फार आवडले. आज्ञा दिली, आणि उठता उठता बोलिले, "मागाहून जुनी फीतही आम्हांस एकट्याने पाहावयाची. जपून लावा म्हणजे जाहले." सखोपंत मुजरा करून घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी अन्न घेतले नाही.

द्वारकाबाई नदीकाठी दोन खोल्यांच्या घरात राहत. पासष्टीच्या, केस पांढरे, पाठ ताठ. सखोपंत गेले तेव्हा सूप घेऊन तांदूळ निवडीत होत्या. हेतू ऐकून सूप खाली ठेविले आणि म्हणाल्या, "पंत, लोक मला अजून बाजारात थांबवतात. विचारतात, बाई, बाहेर कोण होतं? मी म्हणते, मला काय ठाऊक, मी आत होते." मग म्हणाल्या, "तुम्हांला एक सांगू? त्या वेळी मी काम करीतच नव्हते. माझा भाऊ सिदू, नाव उलटून नदीत गेला होता, त्याला बावीस दिवस झाले होते. सापडला नाही. आणि इकडे दाराबाहेरून तो नट ओरडतोय, ताई, दार उघड. कागदावर लिहिलं होतं की उघडायचं नाही, म्हणून मी उघडलं नाही. कडीला हात लावून उभी राहिले. सगळ्यांनी वाहवा केली. मला घरी येऊन ताप भरला." सखोपंत म्हणाले, "मग आता नको म्हणता?" त्या म्हणाल्या, "नको कशाला? येते की."

हाक देणारा नट मागेच वारला होता. दुसरा शोधावा तर तो आवाज जुळवावयास जुनी फीत मागेल आणि गोष्ट फुटेल, या धास्तीने सखोपंतांनी ठरविले की हाका आपणच माराव्या. उत्सवाचा गुरुवार आला. सायंकाळी सातास राज्यातल्या पेटीपेटीपुढे माणसे दाटली, महाराज दिवाणखान्यात बसले, आणि चित्रखान्यात पूर्वीसारखे फळ्यांचे दार उभे केले. आत उजेडात द्वारकाबाई. दारामागे अरुंद बोळ, तेथे अंधार, आणि अंधारात हातात कागद घेऊन एकटे सखोपंत. पावसाचा आवाज सुरू जाहला. खूण मिळाली तैसे सखोपंत कापऱ्या आवाजात बोलिले, "ताई, दार उघड." आत शांतता. मग दुसरी हाक दिली, "ताई, अगं मी आलोय, दार उघड." आतून लुगड्याची सळसळ ऐकू आली, बाई उठल्या. आता तिसरी हाक द्यावयाची, आणि सखोपंतांचे मानेवर गार वारा आला. बोळास मागे वाट नव्हती, भिंत होती. तरी मागे कोणी उभे आहे, आणि त्याचे अंगावरून पाणी गळत आहे, ऐसे त्यांस वाटले. पावसाचा आवाज वरून येत होता आणि हा थेंबांचा आवाज खालून, त्यांचे टाचेपाशी. कागदावरचे शब्द दिसेनात. ओठ हलविले तर हवा निघाली, आवाज नाही. क्षण गेले, आणि सारे राज्य वाट पाहत राहिले. आणि मग तिसरी हाक आली.

"आक्के, गार लागतंय गं."

सखोपंतांचे तोंड मिटलेले होते. हाक पुढून आली, मागून आली, की त्यांचेच छातीतून आली, ते त्यांस पुढे कधी सांगता आले नाही. कडी वाजली. कागदावर जे नव्हते ते जाहले, दार उघडिले. द्वारकाबाई उंबऱ्यावर उभ्या, आणि त्या सखोपंतांकडे पाहत नव्हत्या. त्यांचे खांद्यावरून मागे पाहत होत्या. अगदी हळू म्हणाल्या, "आलास? किती रे वेळ केलास." आणि पदर पुढे केला, जैसे ओले डोके पुसावे. सखोपंतांनी मागे वळून पाहिले नाही. पुढे कॅमेरा होता, त्यात राज्य होते, त्यात महाराज होते. बावीस वर्षे ज्या डोळ्यांचे भय बाळगिले ते सारे डोळे समोर. परंतु मागे जे होते त्याचे भय इतके मोठे जाहले की पुढले भय उरले नाही, आणि ते दोन पावलांत उजेडात येऊन गुडघ्यांवर बसले आणि एका दमात बोलिले, "महाराज, सातवा भाग नाही. मी पुसला. पौषात कोरी फीत नव्हती, त्यावर आईसाहेबांची अंत्ययात्रा घेतली. डबी रिकामी आहे. मी आजवर खोटे बोललो. काय ती शिक्षा द्या, पण मला या बोळात पुन्हा उभे करू नका." कारकुनांनी धावत दिवे मालविले, आणि पेट्या काळ्या जाहल्या.

दुसरे दिवशी सकाळी दरबार भरला. महाराजांनी सखोपंतांस पुढे बोलाविले. मग म्हणाले, "ती फीत आम्ही पहाटे पाहिली. यात्रेची. आजवर धैर्य होत नव्हते म्हणून मागविली नव्हती. आईसाहेबांचा हात फुलांबाहेर राहिला होता, तो दिसला. सातवा भाग गेला त्याचे दुःख आहे, परंतु तुम्ही पुसला नसता तर हे उरले नसते. खोटे बोललात त्याची शिक्षा ही की कामाचा शिक्का आजच ठेवावा. जिवास भय नाही." सखोपंतांनी शिक्का काढून पायांपाशी ठेविला. तेव्हा महाराज पुढे झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आता हे सांगा. तिसरी हाक कोणी मारिली?" सखोपंत म्हणाले, "मी नव्हे." "मग कोणी?" "महाराज, काल खोटे सोडले ते सोडले. मला ठाऊक नाही." दरबारात कुजबूज उठली, कारण ती हाक सर्वांनी ऐकिली होती. दिवाणांनी ऐकिली, हुजऱ्यांनी ऐकिली, बाजारात सकाळपासून दुसरे बोलणे नव्हते. कोणी म्हणे आवाज तरण्या पुरुषाचा, कोणी म्हणे मुलाचा, परंतु शब्द सर्वांचे एकच.

थेट भागाची फीत या खेपेस कोरी लाविली होती. ती दरबारात लावावी ऐसा हुकूम जाहला, आणि द्वारकाबाईंसही बोलाविले. दारे लोटून घेतली. पहिली हाक आली, ती सखोपंतांची. दुसरी आली, तीही त्यांचीच. मग पाऊस. नुसता पाऊस पडत राहिला, बाई दारापाशी उभी, आणि काही आवाज आला नाही. आणि त्या न आलेल्या आवाजावर बाईने मान वर केली, कडी काढिली, दार उघडिले. फीत तीन वेळ लाविली. तिन्ही वेळ तेथे पाऊसच होता. महाराज म्हणाले, "आम्ही ऐकिले. आम्ही स्वतः ऐकिले." दिवाण म्हणाले, "मीही." मग कोणी कोणाकडे पाहीना. तेव्हा द्वारकाबाई मागून बोलल्या, त्या एकट्याच निर्धास्त होत्या. म्हणाल्या, "महाराज, फितीत नसेना का. त्यानं मला हाक मारली होती. आक्के म्हणणारा या जगात एकच होता."

येणेप्रमाणे वर्तमान. द्वारकाबाई पुढल्या चैत्रात झोपेतच गेल्या. शेजारणी सांगतात की शेवटले दोन महिने त्यांचे घराचे दार दिवसा उघडेच असे. सखोपंत पुढे नऊ वर्षे जगले, मुलीकडे राहिले, तिचे घरी बोळ नाही. महाराजांनी ती फीत पुसू दिली नाही आणि लपविलीही नाही. चित्रखान्यात फळीवर आहे, नाव घालून आहे, जो मागेल त्यास दाखवावी ऐसा लेखी हुकूम आहे. मागावयास अद्याप कोणी गेले नाही.