नऊ सफरचंदांचा मेथांबा

कबूलच करून टाकते. अख्ख्या बिल्डिंगने अकरा वर्षं ज्यांची वाट पाहिली, त्या नऊच्या नऊ सफरचंदांचा मी मेथांबा केला. गूळ, मेथ्या, वर हिंगाची खमंग फोडणी. परवा नातीला सांगितलं तर ती किंचाळली, "आजी, यू डिड व्हॉट?" आता तिला काय सांगू? तेव्हा मी तरुण होते. अवघी छप्पन्न वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं, जगातलं सगळं आपल्याला कळतं.

झाड होतं कर्णिक भावोजींचं. आखातात होतो तेव्हा, झिंज भागातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ते एकटे राहायचे. हिद्दच्या बाजूला जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर इंजिनियर. मागच्या दाराशी चार फरश्यांचं अंगण, त्यात अर्धं कापलेलं निळं पिंप, आणि पिंपात सफरचंद! डिसेंबर लागला की भावोजी स्टुलावर चढून त्याचं एकेक पान हाताने खुडायचे. मग रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाची पिशवी आणून मुळांशी ओतायचे आणि झाडाला सांगायचे, "खलास. झोपा आता." कामावरच्या माणसांना अरे-तुरे, झाडाला मात्र अहो-जाहो.

"हे काय हो भावोजी?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा केवढे गंभीर झाले!

"प्रोसिजर आहे, वहिनी. सफरचंदाला थंडी लागते. इथे थंडी मफी, नाहीच. मग त्याला फसवायचं. हिवाळा आला म्हणायचं."

"आणि त्याला पटतं?"

"अजून नाही पटलेलं."

त्यांच्या आयुष्यात प्रोसिजरशिवाय काही नव्हतं. चहाला प्रोसिजर, चप्पल काढायला प्रोसिजर. आणि शुक्रवारी ॲपल पाय करायला तर विचारूच नका. लोणी वितळता कामा नये म्हणून एसी सोळावर ठेवायचे आणि भर मे महिन्यात स्वेटर, कानटोपी घालून मैदा मळायचे. सफरचंदं बाजारातली. पाय झाला की चार तुकडे चार मजल्यांवर. खालून करपलेला, मधून कच्चा. "रिहर्सल आहे, वहिनी. खरा प्रयोग पुढे," असं म्हणून ताटली हातात द्यायचे आणि आपण पहिला घास घेईपर्यंत दारातून हलायचे नाहीत. मी गोड हसायचे आणि दार लागलं की तुकडा कचऱ्यात. देव मला क्षमा करो.

खरा प्रयोग कुणासाठी, ते सांगायला हवं. त्यांच्या बायकोला, सुधाताईंना, इथे करमलं नाही. माहेर पाचगणीचं. घरामागे आजोबांच्या वेळचं सफरचंदाचं झाड. फळं लिंबाएवढी, आंबट, पण पायला त्यांच्यासारखी दुसरी नाहीत म्हणे. आई तिथल्या शाळेच्या मडमेकडून पाय शिकली, मुलगी आईकडून. अशी बाई एसीच्या घरघरीत आणि वाळूत किती दिवस काढणार? एकदा दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि जाताना त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरचं सफरचंद या वाळूत लागलं की बोलवा. येईन." दुसरा कुणी असता तर रागावला असता, नाहीतर रडला असता. भावोजी पुढच्या सुट्टीत पाचगणीला गेले आणि त्या झाडाचं कलम घेऊन आले. आमच्या व्हिसाला लागली नव्हती एवढी कागदपत्रं त्या फांदीला लागली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वर्षी झाड एकदाचं फसलं, नऊ फळं धरली, भावोजींनी फोटो पुण्याला सुधाताईंना पाठवला आणि त्या गुरुवारी येणार, एवढंच ठाऊक होतं. बुधवारी भावोजींची डबल शिफ्ट. किल्ली माझ्याकडे देत म्हणाले, "फळांवर लक्ष ठेवा, वहिनी. बुलबुल टपलेत."

दुपारी गेले तर एक बुलबुल जाळीतून चोच घालून बसलेलाच! फळं पाहिली. हिरवी, टणक, जेमतेम लाल रेघा. मी ठरवलं, ही काही याहून मोठी होत नाहीत. पक्ष्यांच्या तोंडी जाण्यापेक्षा सुधाताईंना घरचं काहीतरी मिळू दे. चार वाजेपर्यंत बरणी तयार. वर झाकणाला फडकं बांधून मी ती भावोजींच्या ओट्यावर ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

भावोजी आले. अंगणात गेले, परत आले, बरणीकडे बघत उभे राहिले. मग खुर्चीवर बसून, मान खाली घालून, त्यांनी सुधाताईंची ती अट मला सांगितली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रडायलाच लागले. पाच मिनिटांनी त्यांनी उठून एसी सोळावर केला आणि कानटोपी चढवली.

"वहिनी, हिंग किती घातलाय?"

"दोन चिमटी."

"चालेल. यल्ला, चला, मैदा काढा."

गुरुवारी सुधाताई आल्या. ॲपल पाय पुढे आला. त्यांनी घास घेतला, दाताखाली मेथी आली, डोळे विस्फारले. भावोजी घाईघाईने म्हणाले, "यंदा मी प्रोसिजर जरा बदलली." माझं नावसुद्धा घेतलं नाही त्या माणसाने. सुधाताई दोन तुकडे खाऊन उठल्या. तेवढ्यात भावोजी चहा टाकायला आत गेले आणि मी सुधाताईंचा हात धरून सगळा गुन्हा ओकून टाकला. "रागावा माझ्यावर, पण परत जाऊ नका," म्हटलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मी तिकीट काढलं ना वहिनी, तेव्हा फोटो आलाही नव्हता. पण हे त्यांना सांगू नका हं. जिंकल्यासारखं वाटतंय त्यांना, वाटू दे."