दिंडांतलं सारण

नागपंचमीला फोरमन हिंदुराव जेवायला येऊन खूश झाले, तर ज्योतीरामाच्या पदरात कायमची नोकरी पडणार होती, सासऱ्याचे टोमणे बंद होणार होते आणि कासारवाडीतली पत्र्याची खोली सोडून कारखान्याच्या वसाहतीत जाता येणार होतं. खर्चाच्या बाजूला फक्त एक जेवण. इतका किफायतशीर सौदा ज्योतीरामाने जन्मात केला नव्हता. प्रश्न उरला होता तो दिंडांत काय भरायचं एवढाच.

दिंड म्हणजे कणकेच्या पुरीत सारण घालून, चौकोनी घडी करून वाफवायचं. त्या दिवशी घरात सुरी, विळी, तवा, तळण सगळ्यालाच सुट्टी.

“पुरण करते,” असं म्हणून रंभा डाळ निवडायला बसली, तोच शेजारच्या खोलीतल्या कौशल्याबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान दत्तोबा ज्योतीरामाच्याच खात्यात होते आणि त्याच्याइतकेच हंगामी होते.

“अगं, पुरण? आणि हिंदुरावांना? हरभऱ्याची डाळ म्हणजे त्यांना विष! पोट असं फुगतं म्हणतात, की सदऱ्याची बटणं उडतात. काहीतरी साधं कर, बाई.”

कौशल्याबाई गेल्या. रंभाने डाळ पुन्हा डब्यात ओतली आणि सासूकडे वळली.

“आत्याबाई, नारळ खोवू का?”

“खोवणीला दात हायती,” कुशाबाई म्हणाल्या. “आज धारंला हात लावायचा न्हाई.”

“मग तीळ भाजते.”

“कशात? आज तवा चढत न्हाई आपल्यात.”

“बटाटं उकडते. मिरची हातानं तोडून घालते.”

“नखाला बी धार असती.”

ज्योतीरामाला राहवेना. “आये, नागोबा तरी आज दात काढून ठेवतो का?”

“त्याचा सण हाय. तुजा न्हाई.”

शेवटी उरला गूळ. तो बत्त्याने फोडायचा होता. कुशाबाईंनी बत्ता हातात घेऊन सगळीकडून चाचपला आणि धार सापडली नाही म्हणून नाइलाजाने परवानगी दिली.

पाहुण्याला गोड कमी पडू नये म्हणून रंभाने गुळाचे चांगले खडे भरले. चाळणी पातेल्यावर चढली, झाकण बसलं. आत गूळ विरघळला. पुरीच्या घडीतून वाट काढत, चाळणीच्या भोकांतून तो निवांतपणे खालच्या पाण्यात उतरला. दिवेलागणीला रंभाने झाकण काढलं, तेव्हा चाळणीत घडी घातलेल्या रुमालांसारखी चपटी दिंडं पडली होती.

“आता गं?” ज्योतीरामाने चाळणीत डोकावून विचारलं.

“आता काय! तुमची नोकरी पातेल्यात हाय,” रंभा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात दारातून खाकरणं ऐकू आलं. हिंदुराव चौकटीला हात टेकून उभे होते. एकेक पाऊल मोजून टाकत ते आत आले आणि कण्हतच पाटावर बसले.

“ज्योतीराम, तुला एक सांगायचं...”

“आधी जेवा, साहेब! बोलणं मागनं.”

ताट समोर आलं. दिंड बघताच हिंदुरावांनी काढा घेणाऱ्या माणसासारखे डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मग डोळे उघडले.

“वहिनी, ह्यात काय भरलंय?”

“भरलं हुतं जी,” रंभा पुटपुटली. “खाली उतरलं.”

“म्हणजे आत काही नाही?”

“न्हाई.”

“शप्पथ?”

“नागोबाची.”

हिंदुरावांचा चेहरा पाऊस उघडल्यासारखा स्वच्छ झाला. त्यांनी तूप लावून ते दिंड संपवलं आणि दुसरंही मागून घेतलं.

“वहिनी, सकाळपासून चार घरं झाली. चारी घरी पुरण! ह्या दत्तोबाच्या बायकोनं तर सहा दिंडं वाढली, वर वाटीभर पुरण निराळं. तशी डाळ मला चांगली सोसते हो, पण इतकी डाळ घोड्याला तरी सोसेल का?”

रंभाने शेजारच्या भिंतीकडे बघितलं. पलीकडे भांडी घासण्याचा आवाज एकदम थांबला.

“आणि कुठं बोलू देतील तर शपथ! तोंड उघडलं की घास. तुमच्याकडंच काय ते तोंड रिकामं मिळालं. ऐक आता. शनिवारीच वरून मंजुरी आली. तुम्ही पाचही हंगामी आता कायम. हेच सांगायला घराघरांतून फिरतोय.”

ज्योतीरामाने साहेबांचे पाय धरले. कुशाबाईंनी भिंतीवर काढलेल्या नागाला हात जोडले. रंभाने नाक पुसलं आणि विचारलं, “दत्तोबा भावजी बी?”

“दत्तोबाही.”

“अगं बाई! खरंच?” भिंतच बोलली.

भिंतीला द्यायचं एक खरमरीत उत्तर रंभाच्या जिभेवर तयार होतं. पण छातीवरचा धोंडा नुकताच उतरला होता. राग धरायला ताकद लागते, ती कुठून आणायची? “खरंच वं!” ती ओरडली. “या हिकडं, साहेब सांगत्यात!”

एकूण ताळेबंद असा. डाळ चार घरांची गेली, गूळ ज्योतीरामाचा गेला. ह्यातल्या कशानेही कोणी कायम झालं नव्हतं, तरी आपल्याच पुरणाने काम झालं असं चारही घरांत पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. किंमत काय ती हिंदुरावांनी मोजली. दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर पाच कायम कामगार आपापल्या जागी हजर होते आणि फोरमन पोटाला फडकं बांधून बिनपगारी रजेवर होते.