अंडं शाबूत, रस्ता पास

दहिवलीत आमच्या शेजारी हुसेनभाई राहतो. सकाळी सायकलवर निघाला की दांडीला एक कापडी पिशवी लटकत असते आणि पिशवीत एक कच्चं अंडं असतं. ते खायचं नसतं, विकायचंही नसतं. अंडं नुसतं फिरायला जातं.

मी चौथी शिकलेला, भातशेतीत जन्म गेलेला माणूस. गोड करून लिहिणं मला जमत नाही. सरळच सांगतो, हा माणूस मला पहिल्यापासून अर्धा खुळा वाटायचा. अर्धाच म्हणतो, कारण चहा चांगला करतो.

याचे आजोबा श्रीवर्धनकडचे. समुद्राकाठची माणसं, पण ह्यानं मासळी सोडून अंड्यांचा टेंपो धरला. तीस-पस्तीस वर्षं खोपोलीपासून नेरळपर्यंत दुकानादुकानात अंडी पोचवली. मग डोळ्याला कमी दिसायला लागलं, टेंपो सुटला आणि सायकल आली. सायकल आली ती एक नेम घेऊन. चाक डांबराला लावायचं नाही.

बांध, कालव्याकडेची वाट, मुरमाचा रस्ता, फार्महाऊसवाल्यांनी टाकलेली बारीक खडी, असल्या ठिकाणीच हा सायकल चालवणार. "जिथं मोटार येत नाय तोच रस्ता," म्हणायचा. "बाकी सगळं हॉर्नचं दुकान."

"अरे पण डांबरानं तुझं काय घोडं मारलंय?" मी एकदा विचारलं.

"मातीचा खड्डा मी फावड्यानं भरतो. डांबराचा खड्डा भरायला सायेब लागतो. सायेबाची वाट कोण बघत बसंल?"

आणि खरंच, सायकलला मागं एक छोटं फावडं बांधलेलं असायचं. वाटेत दगड दिसला की उतरून बाजूला करणार. खळगा दिसला की मुरूम ओढून पायानं दाबणार. लोक म्हशीला धुवत नाहीत इतक्या मायेनं हा रस्त्याचं करायचा.

मोठा रस्ता ओलांडायचा झाला की मात्र बघण्यासारखं. हा खाली उतरायचा, सायकल खांद्यावर घ्यायचा आणि सत्तरीचा माणूस डंपरच्या पुढून ढेंगा टाकत पलीकडं. एकदा एक ड्रायव्हर ओरडला, "ओ चाचा, सायकल बसायला आसते का मिरवायला?"

"डांबरावर तिला मळमळतं रं!" हा खांद्यावरच्या सायकलीआडून ओरडला. "तू जा, तुझी वकायची नाय!"

एका फार्महाऊसच्या वॉचमननं अडवलं, कुठं चाललात म्हणून. ह्यानं पिशवी उघडून दाखवली. "ह्याला फिरवतोय." वॉचमननं अंड्याकडं बघितलं, ह्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं गेट उघडलं. खुळ्याला कोण अडवणार?

परत आला की आमच्या पडवीत बसून निकाल लागायचा. अंडं उन्हात धरून गोल फिरवायचा, नखानं टिचकी मारून कानाला लावायचा, आणि मग मोठ्यानं, "अंडं शाबूत, रस्ता पास!" तडा गेला असला तर तोंड पाडून म्हणायचा, "नापास." नापास झालेला रस्ता आमच्याकडं कांदा-मिरची घालून खाल्ला जायचा.

अंडं आमच्याच घरचं असायचं. म्हणजे आमच्या इंदूचं. इंदू माझी बायको. कोंबड्या तिच्या. ती आजारी पडून पडवीतल्या खाटेवर होती, तरी कोणती कोंबडी कुठं अंडं घालते ते तिला पडल्या जागी ठाऊक. हुसेनभाई सकाळी दारात यायचा.

"वैनी, पातळ कवचाचं बघून द्या. जाडं काय, कुठूनबी पास हुतं."

"कालचं फुटलं का ओ भाई?"

"वढ्यापाशी फुटलं. आज तिथली दगडं काढतो."

ती हसायची. त्या दिवसांत तिला हसवणारा तो एकटाच होता. मला ते जमत नव्हतं. मी औषध देत होतो आणि चिडत होतो.

तिची हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टर म्हणाला, धक्का बसू देऊ नका, मणका जाईल. एकदा रिक्षातून दवाखान्यातून आणली, तर घरापर्यंत पदराचा बोळा दातात धरून होती. त्यानंतर तिला कुठंच हलवली नाही. तिचं एकच मागणं असायचं. "एकदा कोंडाण्याला न्या ओ मला. भावाच्या वट्यावर बसून कपभर चहा घेते आन येते." कोंडाणं तिचं माहेर. लेण्यांच्या पायथ्याला गाव, इथून काही परदेश नाही. पण रस्त्यात खड्डे किती ते मोजायला बसलो तर माझी शाळा तिथंच संपते. मी म्हणायचो, बरी हो, मग जाऊ. ती मान हलवायची. बरी होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

त्यातच मी एक गाढवपणा केला. एका सकाळी ह्याच्या पिशवीतलं अंडं काढून उकडलेलं ठेवलं. म्हटलं, बघू गंमत. हा त्या दिवशी ओढ्याकडच्या सगळ्यात खडबडीत वाटेनं गेला, येताना पडला, ढोपर फोडून घेतलं, तरी अंडं शाबूत! गडी लंगडत, नाचत आला. "पास! पास! वढ्याची वाट पास!" मी हसून हसून खांब धरला आणि अंडं सोलून त्याच्या हातात दिलं.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग असा भडकला की मी त्याला कधी तसा बघितला नव्हता. "त्या वाटंला मी पास दिला रं म्हादू! तिथनं माणूस नेलं आसतं तर मेलं आसतं!"

"माणूस कोण नेतंय? तू तर अंडी नेतोस!"

तो निघून गेला. चार दिवस फिरकला नाही. खरी गंमत तर पुढं झाली. इंदूनंही माझ्याशी बोलणं टाकलं. दोन दिवस भिंतीकडं तोंड. एका उकडलेल्या अंड्यासाठी! मी म्हटलं, शेजाऱ्याचं खूळ हिलाही लागलं.

पुढं पौषात इंदू गेली.

दहाव्याला कोंडाण्याहून मेव्हणा आला होता. "दाजी, येत जावा," म्हणाला. मी हो म्हटलं आणि गेलो नाही. ती जाऊ शकली नाही तिथं मी कुठल्या तोंडानं जाऊन चहा पिणार? मेव्हणा फोन करायचा, मी उचलायचो नाही. घरातच बसायचो. खाट काढली नव्हती. तिच्याकडं बघत बसायचो.

आणि ह्या माणसाची कमाल बघा. तिचं सुतक फिटलं, तोवर हा पुन्हा सकाळी दारात. "म्हादू, अंडं दे."

मी शिवी दिली. घाणेरडी दिली. तो उभाच. मग अंडं दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. असं करत करत, त्याला अंडं द्यायचं म्हणून मी कोंबड्यांना दाणे टाकायला लागलो. कोंबड्यांसाठी उठायला लागलो. उठलोच आहे म्हणून चहा करायला लागलो. पावसाळाभर तो चिखलातनं फिरला. दिवाळीच्या आधी येऊन म्हणाला, "वाहून गेल्याला रस्ता परत पास केला." मी विचारलं नाही कुठला.

गेल्या आठवड्यात इंदूची तांबडी कोंबडी दिसेना. शोधत शोधत हुसेनभाईच्या शेडमध्ये गेलो. त्याची टेंपोची जागा ती. आत एक तीनचाकी सायकल उभी, पाव विकणाऱ्यांची असते तशी, पुढं मोठा पाळणा असलेली. पाळण्यात गादी, दोन उशा, वर उन्हासाठी छत्री बांधलेली. गादीवर आमची तांबडी ऐसपैस बसलेली. तिला उचलायला गादी सारली तर खाली अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. एकावर एक, एकावर एक, पाळणाभर. वरून दाबलं तर स्प्रिंगसारखे दबत होते.

मागून हुसेनभाई आला. "ट्रेवर तीस वर्षं माल नेला. एक फुटलं नाय," म्हणाला. "तुला सांगायचं नव्हतं. तू नको म्हनला आसतास. वैनीला कोंडाण्याला नेनार होतो. बिनधक्क्याचा रस्ता शोधत होतो. सापडला, पण ती गेल्यावर आठ दिवसांनी."

मी पाळण्याच्या कडेवर बसलो. उकडलेलं अंडं आठवलं. त्याला ते कळलं असणार, कारण लगेच म्हणाला, "चारच दिवस गेले रं त्याच्यात. वैनीला गाठायला आठ लागले आसते. हिसाब कर, तुझ्यामुळं काय राह्यलं नाय."

"तिला ठाऊक होतं?"

"तर! अंडं कोन देत होतं?"

कोंबडी आमच्या दोघांच्या मधे उभी राहून कलकलत होती. तिच्याखाली गादीवर ताजं अंडं होतं. हुसेनभाईनं ते उचललं, टिचकी मारली, माझ्या हातात ठेवलं. "बस आत. वैनीचा रस्ता हाय. नुसता पडून राह्यला तर गवत खाईल त्याला."

मी बसलो. ह्या वयात छत्रीखाली, दोन उशांना टेकून, हातात अंडं घेऊन. वरमाई म्हणा नाहीतर गणपती. तीन तास लागले. चढ आला की मी उतरून मागून ढकलायचो. बांधावरून, कालव्याकडेनं, एका फार्महाऊसच्या मागून, नदीच्या काठानं. एक मोटार नाही, एक हॉर्न नाही. ओढ्यापाशी तर सपाट मुरूम दाबलेला, दोन्ही बाजूला दगड नीट रचलेले. धक्का म्हणाल तर नाही. मध्येच एकदा माझा डोळा लागला, एवढं सांगतो.

कोंडाण्याच्या तोंडाशी त्यानं ब्रेक दाबला. पुढं नवीन डांबर. मेव्हण्याच्या घरापर्यंत चाळीसेक पावलं. समोर ओटा दिसत होता, मेव्हणा डोळ्यांवर हात आडवा धरून कोण आलं ते बघत होता.

"हितनं पुढं माझी गाडी नाय," हुसेनभाई म्हणाला.

"मग तिला कसं नेणार होतास?"

"मी कुठं? हितनं तू उचलून नेनार होतास. तसं ठरलं होतं."

"कुणाचं ठरलं होतं?"

"वैनीचंच. म्हनली, तेवढं ते नेतील."

मी खाली उतरलो. अंडं दोन्ही हातांत धरलं आणि जपून चालायला लागलो.