चमकत्या टोकाची देखभाल

यंत्राचं आयुष्य वापरामुळे घटतं, हे सत्य जगाने अजून मान्य केलेलं नाही. नौपाड्यातल्या आमच्या दुरुस्ती मंडळाने मात्र ते ठराव करून मान्य केलं आहे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू फुकट दुरुस्त करून द्याव्यात, या उदात्त हेतूने मंडळाने सोल्डरिंग स्टेशन आणलं. तापमान दाखवणारा डबा, तारा जोडायला एक तापता दांडा आणि जोडलेल्या सोडवायला वितळलेलं कथील ओढून घेणारी बंदूक. (बंदुकीला परवाना लागतो का, यावर दोन सभा झाल्या. लागत नाही.)

देखभाल मारुतीरावांकडे आली. मारुतीराव निवृत्त भांडारपाल. तीस वर्षांत त्यांनी भांडारातून एकही वस्तू सुखासुखी बाहेर जाऊ दिली नव्हती. त्यांनी वही घातली. दांड्याचं टोक पुसायचा स्पंज ओला आहे का, किती ओला आहे, कोणी केला, बंदुकीची गाळणी साफ आहे का, असे अकरा रकाने. 'काय दुरुस्त झालं' हा बारावा होता, पण पान पुरलं नाही.

मंडळात सोल्डरिंग फक्त दर्शना नावाच्या मुलीला येतं. (ती डोंबिवलीत टीव्ही दुरुस्त करते, त्यामुळे तिचा नाइलाज आहे.) काम झालं की ती दांड्याच्या टोकावर कथलाचा थेंब ठेवून जायची. मारुतीरावांना तो मळ वाटला. त्यांच्या घरी देवाची भांडी रोज चिंचेने घासतात. त्यांनी टोक आधी तारेच्या घासणीने घासलं, मग पॉलिश पेपरने. शेवटी त्यात चेहरा दिसू लागला. (लहानसा, पण मारुतीरावांचाच.)

त्याच आठवड्यात शेवंतीबाई आल्या. त्यांच्या कानाच्या यंत्राची तार सुटली होती. रविवारी बाळकुमला त्यांची नात संचिता पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती आणि त्यांना ते ऐकायचं होतं. काम दोन मिनिटांचं. वस्तू रीतसर जमा झाली. दर्शनाने दांडा तापवला, तर कथील टोकाला धरेचना, गोळी होऊन घरंगळायचं.

"काका, तो थेंब राहू द्यायचा असतो. घासून वरचा मुलामा गेला, आता हे कथील धरणार नाही."

"धरत नसेल. पण चमकतंय की नाही?"

चमकत होतं, हे दर्शनालाही नाकारता आलं नाही. यंत्र घरी नेऊन जोडते, असं ती म्हणाली. पण जमा झालेली वस्तू काम पुरं झाल्याशिवाय बाहेर जात नाही, असा नियम आहे. नियम बदलायची सभा सोमवारी होती.

रविवारी शेवंतीबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. (मी चिटणीस असल्याने हे इतिवृत्तात घेता आलं नाही.)

वार्षिक अहवालानुसार स्पंज ३६५ पैकी ३६५ दिवस ओला होता. मारुतीरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

मंडळात अभिप्रायाची वहीही आहे. तीत शेवंतीबाईंनी लिहिलंय, 'संचिता कोणतं गाणं गायली, कुणी सांगेल का?' त्याखालची नोंद, वाचकमहाशय, आपली आहे. आपण मिक्सर जमा करायला आला होतात, आठवतंय? मिक्सर सुखरूप आहे. वरची ओळ वाचून आपण खाली लिहिलंत, 'स्वच्छता वाखाणण्याजोगी.' अक्षर सुरेख आहे आपलं.